फक्कीची भिंत आणि चार घरांचं खळं

पेणला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात: गणपती आणलास का, आणि पापड आणलेस का. मी गेलो जानेवारीत. गणपती तेव्हा कारखान्यांतून पांढरेफटक, डोळे न उघडलेले, फळ्यांवर रांगेनं बसून होते. सरकारी दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तसे. पापड आणले होते, पण ते घाट चढता चढता संपले. कच्चेच. मी आणलं ते तिसरंच काहीतरी: चार घरांचा आणि एका खळ्याचा नकाशा. त्यावर सही माझी आहे. तो काढला कुणी हे सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि यात माझा मोठेपणा जिथे जिथे दिसेल तिथे तो मी हातानं घातला आहे असं खुशाल समजा.

मी आर्किटेक्ट आहे. मूळचा मंगळवेढ्याकडचा. आमच्याकडे पाऊस वर्षातून दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा पत्ता चुकून आलेला असतो. त्यामुळे आमची घरं धाब्याची, वरून सपाट, पांढऱ्या मातीची. पुण्यात मात्र माझी ख्याती ‘ग्रामीण शैलीवाला’ अशी आहे. मुळशीकडे एक रिसॉर्ट केलं होतं: भिंतीवर बैलगाडीचं चाक, कंदिलात एलईडी, आणि जात्यावर काच ठेवून टीपॉय. उद्घाटनाला वडील आले होते. त्यांनी त्या जात्याभोवती एक फेरी मारली आणि वेटरला विचारलं, “दळण कुठं ठिवलंय?” तेव्हापासून वडिलांना मी उद्घाटनांना नेत नाही.

पेण, रामवाडी

बोलावणं आलं प्रधान सरांकडून. सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या पूर्वजांची म्हणे रोह्यापर्यंत जमीन होती. आता त्यांच्याकडे रामवाडीत एक बंगला आणि समोरच्याच्या वाक्यातल्या चुका काढायची सवय एवढंच उरलं आहे. त्यांचा एक जुना विद्यार्थी, मनोहर, रोह्याच्या अलीकडे सावरवाडीला राहतो. चार भाऊ, चार घरं, मध्ये एक खळं. खळं म्हणजे घरापुढचं शेणानं सारवलेलं मोठं अंगण: तिथे भात झोडायचं, वाल वाळवायचे, लग्नाचा मांडव घालायचा, गौरीला बायकांनी फेर धरून नाचायचं. मुख्य म्हणजे संध्याकाळी चारही घरांनी तिथे बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. पण वाडी कुंडलिकेच्या काठाला. नदी आधी पावसाळ्यात अंगणापर्यंत यायची, मग ओटीपर्यंत, हल्ली थेट माजघरात येऊन डबे उघडून बघते. म्हणून चारही भावांनी वरच्या बाजूच्या वरकस, भात न पिकणाऱ्या माळावर नवी घरं बांधायचं ठरवलं.

“अडचण धाकट्याची आहे,” सर म्हणाले. “सुरेश. कंपनीत आहे. त्याला रस्त्याच्या कडेला, स्वतंत्र, कंपाउंड वॉलसह बंगला हवा. स्लॅबचा सेंटरिंगवाला ठरवूनही ठेवलाय, होळी झाली की काम सुरू. त्यानं एकदा भिंत घातली की बाकीचे तिघेही घालणार. मग खळं कुठलं? चार भिंती आणि मधे गटार. मनोहरची बायको वनिता माझ्याकडे येऊन बसली होती. म्हणाली, सर, घरं कशी पण होऊ देत, खळं गेलं तर आमी चार घरं नाय राहनार, चार शेजारी होऊ. रविवारी सगळे जमणार आहेत. त्याच्या आत त्यांना पटेल असं काहीतरी काढ.”

“सर, पारंपरिक घर हा माझा हातखंडा आहे.”

“ते चाक लावू नकोस म्हणजे झालं,” सर म्हणाले. रिसॉर्टचे फोटो त्यांच्यापर्यंत पोचले होते तर.

सरांचा बंगला मी बारकाईनं पाहिला, कारण त्यात अख्ख्या रायगड जिल्ह्याचं वास्तुशास्त्र आहे. मूळ घर उतरत्या कौलांचं होतं. ते पाडून सरांनी झकास सपाट स्लॅब टाकला. स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळला. मग स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून निळा पत्रा घातला, दोन्हीकडे उतरता. म्हणजे कौलारू छप्पर पुढच्या दारानं घालवलं, ते गच्चीवरून परत आलं. पेणपासून रोह्यापर्यंत घराघरांवर हीच कथा: खाली स्लॅब, वर पत्र्याची छत्री. मी सरांना म्हटलं, “सर, तुम्ही छत्रीला घर बांधलंत.” सर म्हणाले, “वाक्य बरोबर आहे. जेवायला चल.”

जेवायला जिताडा होता. खाडीकाठच्या खारेपाटातल्या तळ्यात लोक हा मासा वाढवतात आणि ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला खाऊ घालतात. आमच्या ताटात आलेला जिताडा इतका मोठा होता की त्याचं डोकं सरांच्या पानात होतं आणि शेपटी अजून स्वयंपाकघरातून यायची होती. काकूंनी तांदळाची भाकरी वाढली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला एक ताठा असतो, ती मोडते पण वाकत नाही. ही रुमालासारखी दुमडली आणि गेली कुठे ते कळलं नाही. मी मोजायचं सोडून दिलं. काकूंनी सोडलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

जिते

रोहा पेणच्या दक्षिणेला आणि जिते उत्तरेला. तरी मी आधी उलटा जित्याला गेलो, कारण तिथे सरांच्या ओळखीत एक जुनं, हात न लागलेलं घर होतं. रेल्वेनं गेलो. स्टेशनवर मी, एक कुत्रं आणि वाऱ्यावरून उतरलेली एक पिशवी, एवढेच प्रवासी.

घर सुंदर होतं, यात माझी अतिशयोक्ती नाही. कमरेइतकं उंच दगडी जोतं, तीन पायऱ्या, पुढे ओटी, आणि कौलं इतकी खाली उतरलेली की माझ्यासारख्या उंच माणसाला घरात शिरताना नमस्कार घडावा. भर दुपारी आत माठातल्यासारखा गारवा. पावसाच्या बाजूला एकही खिडकी नाही. मी भारावलो आणि खिशातून टेप काढला.

इथे माझी चूक झाली. त्या पट्ट्यात हायवे, रेल्वे, पाइपलाइन, कंपनी असं काही ना काही कायम येऊ घातलेलं असतं. माणूस टेप घेऊन दिसला की तो मोजणीवाला, आणि मोजणी म्हणजे भरपाई. मी पायरीची उंची घेतोय तोवर मागे माणसं गोळा झाली होती. एक आजोबा पुढे येऊन म्हणाले, “साहेब, आमची झाडं पन लिवा.”

“कसली झाडं?”

“आंबे. व्हय, मोठे हायेत.”

मी गेलो. आंबे माझ्या घोट्यापर्यंत होते. एकाला अजून नर्सरीची काळी पिशवी होती. “हा कलमी,” आजोबा म्हणाले, “याची सावली बघा.” मी सावली बघितली. सावलीत एक मुंगळा होता, त्याला ती अपुरी पडत होती. तेवढ्यात दुसरा एक जण मला गोठा दाखवायला ओढू लागला, आणि एक मावशी लांबूनच ओरडल्या, “अरे त्याला चाय तरी द्या! उपाशीपोटी कमी मोजतात ते!”

मी आर्किटेक्ट आहे, घर बघायला आलोय, असं सांगून पाहिलं. त्यावर तर त्यांची खात्रीच पटली. खरा मोजणीवाला कधी खरं सांगतो का? मी चार चहा, एक वाटी पोहे आणि एका बकरीशी ओळख एवढं करून संध्याकाळची गाडी पकडली. टेप पिशवीच्या तळाला गेला, आणि या मुलखात तो बाहेर काढायचा नाही अशी मी शपथ घेतली. पुढं जे झालं ते या शपथेमुळेच, म्हणजे श्रेय जित्याच्या त्या मुंगळ्याला.

सावरवाडी, रोह्याच्या अलीकडे

शनिवारी मनोहरदादा मला घ्यायला मोटारसायकल घेऊन आले. साठीचा माणूस, बोलणं कमी, हसणं मिशीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरं आणि त्याच ओलीवर उगवलेला हिरवागार वाल. आमच्याकडे पीक घ्यायचं तर आभाळाची, विहिरीची आणि वीज मंडळाची अशा तिघांची मनधरणी करावी लागते; इथे भाताखालची उरलेली ओल वालाला पुरते. बांधाबांधावरून जाताना दादांनी बोट दाखवलं: खाली नदी, तिच्या काठाला जुनी वाडी, आणि वर डोंगराच्या पायथ्याशी नवा माळ. माळावरून सगळं खोरं दिसत होतं. माझ्या डोक्यात एका क्षणात नकाशा तयार झाला. माझ्या डोक्यात नकाशे फार पटकन तयार होतात, तोच माझा आजार आहे.

संध्याकाळी जुन्या खळ्यात लॅपटॉप उघडून मी चित्रं दाखवली. चार कौलारू घरं, दगडी जोती, मध्ये गोल खळं, फरशीची नक्षी, आणि खळ्याच्या बरोबर मध्यभागी एक जलकुंड, त्यात कमळं. चारही भाऊ खुर्च्यांवर; बायका ओटीच्या कडेला. मधले दोघे भाऊ, रमेश आणि गणेश, फार सज्जन. जो शेवटचा बोलेल त्याचं त्यांना पटतं.

पहिलं बोलल्या वनितावहिनी. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, आवाज असा की नदीपलीकडच्या गावातून उत्तर यावं. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

“ही बाई कोन?”

कंप्युटरच्या चित्रात माणसं घालायची म्हणून तयार माणसं मिळतात. मी घातलेली बाई गोरी, सोनेरी केसांची, हातात कॉफीचा कप घेऊन खळ्यातून चाललेली होती.

“ती अशीच आहे, वहिनी. शोभेला.”

“आमच्या खळ्यात चपला घालून फिरते गो ही! आनि हातात काय, चाय? एकटीच पिते?”

“कंप्युटरात तशीच मिळते.”

“मग तिला वाल सोलायला बसवा. नुसती काय फिरते.” मग बोट जलकुंडावर गेलं. “आनि ह्ये?”

“जलकुंड. पाण्याशी असलेलं आपलं नातं...”

“साहेब,” वनितावहिनी शांतपणे म्हणाल्या, “पान्याला कंटाळून आमी वर चाललोय. तुमी पानी उचलून आमच्या मागोमाग वर आनलंत.”

खळ्यात जो हशा झाला त्यानं झोपलेल्या कोंबड्या उठल्या. मधले दोघेही हसले, कारण शेवटचं वहिनी बोलल्या होत्या.

सुरेश मात्र हसला नाही. चाळिशीचा, कंपनीचं जाकीट घातलेला, हातात मोबाइल. “साहेब, चित्र मस्त हाय. तिघांना द्या. मला नको. मला कौलं नकोत, माकडं फोडतात. मला स्लॅब पायजे, वर गच्ची, स्टीलची रेलिंग, रस्त्याला गेट, आनि चहुबाजूनं भिंत. मी नाइट शिफ्टवरनं येऊन झोपतो तर वहिनी खळ्यात बसून अर्ध्या तालुक्याच्या बातम्या वाचतात. मला झोप पायजे.”

“झोपताना घोरतोस ते आमाला पन ऐकू येतं,” वहिनी म्हणाल्या. “आमी भिंत मागितली?”

“उद्या ठरवा. माझा सेंटरिंगवाला थांबलाय.”

सुरेशची बायको नयना खाली मान घालून वाल सोलत होती. तिनं शेंग इतक्या जोरात फोडली की दाणा माझ्या लॅपटॉपवर येऊन आदळला.

माळ

रविवारी सकाळी मी फक्की मागवली. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती चुन्याची भुकटी, तीच. म्हटलं, चित्रं पुरे. चारही घरं माळावर खऱ्या मापात आखू, मग बोला. टेप काढायचा नव्हता, म्हणून सगळी मापं पावलांनी. माझं पाऊल लांब, दादांचं आखूड, त्यामुळे मी आखलेल्या खोल्या दादांनी आखलेल्यांपेक्षा ऐसपैस झाल्या, यावरून पहिलं भांडण झालं. मग प्रत्येकानं आपलं घर आपल्या पावलानं आखावं असं ठरलं. सुरेशनं रस्त्याच्या बाजूला आपलं घर घेतलं आणि भोवती भिंत मारायला सांगितली. “जाड मारा,” म्हणाला. “आनखी जाड.” निम्मं पोतं त्या भिंतीतच गेलं. गेट रस्त्याकडे. खळ्याच्या बाजूला सलग भिंत, बोट शिरायला जागा नाही.

आता ऐका. मी आजवर शंभर ठिकाणी घरं आखली असतील (म्हणजे अकरा), पण असा प्रकार पाहिला नाही. रेघा मारून होताहेत तोच ती माणसं त्या घरांत राहायला लागली.

रमेशची बायको तिच्या ‘दारा’शी आली, चपला काढल्या, आणि अनवाणी ‘आत’ गेली. आत म्हणजे त्याच कुसळाच्या गवतात. गणेशनं घरात विडी पेटवली तर त्याची बायको म्हणाली, बाहेर जा. तो मुकाट्यानं रेघ ओलांडून ‘पडवीत’ जाऊन बसला. वाडीतलं एक कुत्रं दादांच्या स्वयंपाकघरातून आरपार गेलं, तेव्हा वहिनी त्याच्यामागे काठी घेऊन धावल्या, पण धावताना आठवणीनं दारातून वळल्या. मग रमेश आणि गणेश यांच्यात एका खिडकीवरून जुंपली. खिडकी नव्हतीच. कुणी आखलीही नव्हती. पण ती असती तर तिच्यातून एकाच्या न्हाणीघरात दुसऱ्याची नजर गेली असती, यावर दोघं हातघाईवर आले. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं मत सापडलं होतं, ते सोडायला तयार होईनात. मी खिडकी सरकवली. म्हणजे हवेत हात हलवून “आता इकडे” असं म्हटलं. दोघांचं समाधान झालं.

एवढ्यात वनितावहिनी रस्त्यावर ठेवलेली पाण्याची घागर आणायला निघाल्या, त्या सरळ रेषेत, सुरेशच्या घरातून.

“वहिनी!” सुरेश केवढ्यानं ओरडला. “भिंत हाय ती! आनि चपला घालून देवघरावरनं चाललाय!”

वहिनी जागच्या जागी थांबल्या. खाली बघितलं. फक्कीकडे, मग सुरेशकडे. “भिंत हाय?”

“भिंत हाय.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. चपला काढून हातात घेतल्या, देवघराला नमस्कार केला, आणि माघारी वळून अख्ख्या कंपाउंडला वळसा घालून रस्त्यावर गेल्या. मी मिशीतलं हसू शोधायला दादांकडे बघितलं. दादा आभाळाकडे बघत होते.

दुपार कलली तशी पोपटीची तयारी सुरू झाली. ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. ज्यांनी फक्त पुण्यात हॉटेलात खाल्ली त्यांच्याबद्दल जास्त. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा उग्र वासाचा रानपाला, त्यावर वालाच्या शेंगा मीठ-ओवा लावून, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे, वर पुन्हा पाला कोंबायचा. मडकं उलटं करून जमिनीवर ठेवायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. माळाच्या मधोमध, जिथे माझं जलकुंड होणार होतं, तिथे जाळ झाला. माझ्या कारकिर्दीत एखाद्या जागेचं इतकं चांगलं काम झालेलं मी पाहिलं नाही. पेणला दिलेली बहीण लताताईही पोरींना घेऊन आली होती.

वहिनींनी जाळाभोवती नजर फिरवली. “खळं लहान झालं,” म्हणाल्या.

“कुठे लहान? क्रिकेट होईल!” सुरेश आपल्या कंपाउंडमधून ओरडला. तो आत प्लास्टिकच्या खुर्चीवर, बहुधा हॉलमध्ये, बसला होता.

“सुरेशनं भिंत पुढं घेतलीय.”

“जरा पन नाय! साहेब, मोजून दाखवा!”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शपथेची अडचण सांगितली. जित्याचा किस्सा ऐकून हशा झाला, पण प्रश्न तसाच राहिला. तेव्हा वनितावहिनींनी पदर खोचला.

“टेप कशाला? खळं कशाला लागतं? फेर बसला पायजे. बसला तर पुरेसं, नाय तर नाय. चला गो, नाचून मोजू.”

“अगो, आता गौर हाय का?” मनोहरदादा दिवसातलं पहिलं मोठं वाक्य बोलले.

“गौर नाय, पन मोजनी हाय ना!”

आणि फेर धरला. आधी वहिनी आणि दोन मधल्या जावा, मग लताताई, मग पोरी. गाणं वहिनींनी धरलं, बाकीच्यांनी ओढलं. आमच्याकडच्या बायकाही फेर धरतात, पण आमचा नाच जमिनीवर पाय आपटत उभा राहतो. हा कमरेत वाकून, हात खाली सोडून, भाताच्या लावणीसारखा सरकत जातो. आणि एक रीत अशी की फेरात कुणी आलं की त्याला नाही म्हणायचं नाही. हात सोडायचे, जागा करायची, रिंगण वाढवायचं. जाळ मध्ये होता, त्यामुळे आत सरकायची सोय नव्हती. बाहेरच वाढायचं. शेजारच्या वाडीतल्या बायका आवाज ऐकून आल्या. रिंगण वाढलं. नयना कंपाउंडच्या कडेला उभी होती. आतल्या बाजूनं.

“ये गो नयना!” वहिनी गाण्यातल्या गाण्यात ओरडल्या.

नयनानं नवऱ्याकडे बघितलं नाही. गेटातून रस्त्यावर गेली, कोपऱ्यावरून वळून, गणेशच्या न्हाणीघराला वळसा घालून, धापा टाकत येऊन फेरात शिरली. रिंगण आणखी वाढलं, आणि लताताईची टाच सुरेशच्या भिंतीला लागली.

फेर थांबला. गाणंही थांबलं.

“काय झालं?” सुरेश खुर्चीतून उठला. “जा की पुढं! फक्की हाय ती!”

“फक्की कशी?” वनितावहिनी म्हणाल्या. “भिंत हाय. मघाशी तूच सांगितलंस.”

मला सांगायला आनंद होतो की या क्षणी मी काहीही बोललो नाही. असे क्षण माझ्या आयुष्यात फार थोडे. जाळ खाली बसला होता. दादांनी पुढं होऊन मडक्यावर पाणी शिंपडलं. ते चर्र करून उडालं. पोपटी झाली होती. काठीनं मडकं बाजूला केलं, पाला ओढून काढला, आणि तो वास सुटला. भांबुर्डा, ओवा, धूर, वाफाळलेले वाल. त्या वासाला कंपाउंड वॉल नव्हती. तो सरळ सुरेशच्या हॉलमध्ये गेला.

सगळे पेपर अंथरून भोवती बसले. नयनानं एका पानावर शेंगा, अंडं, कोंबडीचा तुकडा काढला आणि भिंतीशी जाऊन हात पुढं केला. “घ्या.”

“नयना,” वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “भिंतीतनं हात कसा जाईल गो? भावोजींना सांग, रस्त्यानं या.”

सुरेशनं रस्त्याकडे बघितलं. गेट, मग कोपरा, मग न्हाणीघर. इकडे रमेशनं मडक्यातला दुसरा तुकडा उचलला होता आणि गणेश तिसऱ्याकडे बघत होता. सुरेश दोन पावलं मागं सरकला. मला वाटलं, रागावून निघाला. तो धावत आला, पँट गुडघ्यापर्यंत ओढली, आणि त्या भिंतीवरून त्यानं उडी मारली. साधी नाही: सहा फुटी भिंतीवरून मारावी तशी, एक हात वर टेकून, पाय आडवे घेऊन. तो जमिनीपासून निदान आठ फूट वर गेला. बरं, चार. खाली आला तो थेट मडक्याशेजारी बसूनच.

लताताईला हसून हसून ठसका लागला. सुरेश तोंडात शेंग धरून म्हणाला, “भिंत हाय म्हनजे हाय. उडी मारली तर चालते.”

“रोज मारनार?” दादांनी विचारलं. “नाइट शिफ्टवरनं येऊन?”

सुरेशनं हातातली शेंग संपवली. मग उठला, भिंतीशी गेला, आणि चपलेच्या टोकानं एका माणसापुरती फक्की पुसली. “फाटक,” म्हणाला. “हिकडून एक फाटक. येवढंच हां. भिंत तशीच.”

“येवढंच,” वहिनी म्हणाल्या. “उठा गो, फेर अर्धा ऱ्हायलाय.”

फेर पुन्हा सुरू झाला आणि त्या फाटकातून, बघता बघता, आत गेला.

माळ, दुसऱ्या दिवशी

सोमवारी सकाळी निघायच्या आधी मी एकटा माळावर गेलो. चारही घरांच्या रेघा दंवानं ओल्या होऊन ठळक झाल्या होत्या. सुरेशची भिंत तीन बाजूंनी शाबूत होती, राजेशाही जाडीची. चौथ्या बाजूला, खळ्याकडे, काही नव्हतं. पावलांनी सगळी फक्की मातीत कालवली होती. मध्ये राखेचा काळा गोल, आणि त्याच्याभोवती गवत दबून दबून एक मोठं, थोडं वाकडं रिंगण तयार झालं होतं. ते सुरेशच्या ओटीला घासून गेलं होतं.

मी आजूबाजूला कुणी नाही बघून टेप काढला.

“बघतोय मी,” मागून सुरेश म्हणाला. शिफ्टवर निघाला होता, डबा हातात. रिंगणाकडे बघून त्यानं डोकं खाजवलं. “तीन बाजूंची भिंत हाय ना पन?”

“आहे.”

“आनि स्लॅब?”

मी स्लॅब दिला. न्हाणीघराच्या वर, टाकी ठेवायला आणि पापड वाळवायला, दोन माणसं उभी राहतील एवढा. त्याला मुंबईच्या बोटीला शोभेल अशी स्टीलची रेलिंग आहे. बाकी सगळ्या घरावर कौलं, खालपर्यंत उतरलेली. आणि माकडांसाठी, सुरेशच्या खास मागणीवरून, जाळी. सेंटरिंगवाल्याला त्यानं माझ्यादेखतच फोन लावला. “काम हाय,” म्हणाला, “पन लहान हाय.”

नकाशा आता पक्का झाला आहे. त्यातलं खळं गोल नाही, चौकोनी नाही, त्या सकाळी मोजलं तसंच वाकडं आहे, आणि पुण्यात लोक त्या वळणाचं फार कौतुक करतात. एकानं विचारलं, ही रेषा कशी सुचली? मी डोळे मिटून म्हटलं, निसर्गाचा अभ्यास. चित्रही नवं केलं. जलकुंड काढून टाकलं. ती सोनेरी केसांची बाई मात्र मी काढली नाही, वहिनींनी काढू दिली नाही. खळ्याच्या कडेला, सुरेशच्या ओटीखाली, मांडी घालून ती बसली आहे. चपला पायरीशी. कॉफीचा कप गेला, त्या जागी बांबूचं सूप. वाल सोलते आहे.